फटकाऱ्यांचा डोंगर

डिचोलीतल्या एका छापखान्यात मी बरीच वर्षं कॉम्प्युटरवर डिझाइनचं काम करते. लग्नपत्रिका, जत्रेचे बॅनर, दुकानांच्या पाट्या, बारशाची कार्डं. माहेर माझं इब्रामपूर, पेडणे तालुक्याच्या अगदी आतल्या बाजूला. सासर शिरगावच्या पलीकडचं, जिथं पांढरी चादर वाळत घातली तर ती खाणींच्या धुळीने थोडी तांबूस होऊनच घरात येते. पणजीला चित्रकला शिकले तेव्हापासून लोक माझ्याबद्दल एकच गोष्ट सांगत आले: हिचं काम बारीक. गणपतीच्या मुकुटावरची नक्षी असो की नवरीच्या हातातला चुडा, मी पडद्यावरचं चित्र मोठं करत करत इतकी आत शिरायचे की एकेका पाकळीवर सकाळ जायची. लोक वाखाणायचे. मलाही वाटायचं, चित्र काढणं म्हणजे हेच.

या समजुतीला पहिला धक्का दिला तो एका कोल्हापूरच्या मुलीने. ती पेडण्यात भाड्याची खोली घेऊन राहायची आणि घरबसल्या व्हिडिओ गेम बनवणाऱ्या कंपनीसाठी चित्रं काढायची. खेळातलं गाव कसं असेल, जंगल कसं असेल, तिथली हवा कशी वाटेल याची अगदी पहिली कल्पना रंगवून द्यायची, की मग बाकीची माणसं त्यावरून पुढचं सगळं उभं करायची. म्हापशाच्या छापखान्यातलं मशीन बिघडलं होतं म्हणून ती तिची काही चित्रं छापून घ्यायला आमच्याकडे आली.

तिच्या पेनड्राइव्हमधलं पहिलंच चित्र मी उघडलं आणि बघत राहिले. नदीकाठचं गाव, संध्याकाळ, पाऊस थांबून थोडाच वेळ झालेला. दोरीवरचे कपडे कुणीतरी आता आत घ्यायला हवेत, असं काहीतरी माझ्या मनात येऊन गेलं. सवयीने मी चित्र मोठं केलं, आणि आत काहीच नव्हतं! घराच्या जागी दोन चौकोनी फटकारे. माणसाच्या जागी एक ठिपका. नदी म्हणजे एका दमात ओढलेला फिकट पट्टा.

"याला किती दिवस लागले?" मी विचारलं.

"दिवस?" ती हसली. "ताई, चहा निवायच्या आत झालंय हे."

मला खरं म्हणजे रागच आला. मी आयुष्यभर जे आत शिरून शिरून शोधत होते, ते या मुलीने बाहेर उभं राहून पकडलं होतं. पण रागापेक्षा हाव मोठी होती. छापलेली चित्रं तिच्या हातात देताना मी विचारलं, "मला शिकवशील?"

"रविवारी या की पेडण्याला," ती म्हणाली. "तुमचा टॅबलेट आणा, आणि तुमचा तो सगळ्यात बारीक ब्रश असंल तो घरी ठेवून या."

रविवारी मी एरवीही माहेरी जायचे. आता वाटेत पेडण्याला उतरू लागले. तिच्या खोलीपुढे छोटं अंगण होतं आणि अंगणापलीकडे काजूचं झाड. पहिल्या दिवशी तिने माझ्या टॅबलेटवर कोरं पान उघडलं, ते अख्खं राखाडी रंगाने भरलं, आणि पेन माझ्या हातात दिलं. ब्रश एकच, झाडूसारखा रुंद. रंग नाहीत, एक गडद, एक मधला, एक उजळ, बस्स. चित्र मोठं करून बघायचं नाही. चुकलं तर मागं फिरायचं नाही, त्या चुकीवरून पुढे जायचं. तिने मोबाइलवर वेळ लावली आणि म्हणाली, "समोर जे दिसतंय ते काढा."

मी काजूचं पान काढायला घेतलं. झाडूएवढ्या ब्रशच्या टोकाने पानाची शीर काढायचा प्रयत्न करत होते, तोवर मोबाइल वाजला. माझ्या चित्रात पाऊण फांदी होती आणि बाकी राखाडी.

तिने टॅबलेट हातात घेऊन बघितला. मग म्हणाली, "ताई, तुम्ही झाड काढताय. दुपार काढा."

"दुपार कशी काढायची गं?"

"डोळे बारीक करा. अजून. पानं गेली का?"

"गेली."

"आता काय उरलं?"

मी बघितलं. झाड नव्हतंच. जमिनीवर पडलेली एक मोठी काळी सावली होती आणि तिच्या कडेपासून सुरू होणारं, डोळ्यांना टोचणारं अंगण. त्या दोहोंच्या मधल्या रेषेवर सगळी दुपार बसलेली होती.

"तेवढंच काढा," ती म्हणाली.

सांगायला सोपं आहे. पुढचे कितीतरी आठवडे माझ्या हातून चिखल होत होता. ब्रश मोठा घेतला की हात घाबरायचा, हात घाबरला की फटकारे एकमेकांत मिसळायचे, आणि चित्र ओल्या फडक्यासारखं दिसायचं. पण मी सोडलं नाही. म्हापशाच्या बसमध्ये जनेलाशी, म्हणजे खिडकीशी, बसून काढायचे. बस स्टॉपवर थांबेपर्यंत चित्र संपवायचं, असा माझा मीच नेम घातला होता. सकाळी पाव विकणारा पोदेर भोंगा वाजवत यायचा, त्याच्याकडचे उंडे पाव घेऊन नवरा आत यायच्या आत मी दारातला उजेड पकडायचे. नवरा म्हणायचा, "एवढ्यात झालं सुद्धा? कालचंच दाखवतेस की काय?"

मग हळूहळू हात सुटला. गडद कुठे आणि उजळ कुठे हे आधी ठरलं की बाकीचं आपोआप जागेवर बसतं, हे मला डोक्याने आधीच कळलं होतं, आता मनगटाला कळलं. रंग अगदी शेवटी यायचा, त्या राखाडी चित्रावर पातळ काचेसारखा एक थर, सगळ्या चित्राला एकच हवा देणारा. आणि त्याहून शेवटी एक माणूस, नखाएवढा. तो माणूस आला की डोंगराची उंची कळायची.

अशात आमच्या सासरच्या गावातल्या बायकांनी नाटक करायचं ठरवलं.

आमच्याकडे नाटक म्हणजे खाण्यापिण्यासारखी नेहमीची गोष्ट आहे. जत्रा असली की नाटक असतंच. पण हे नाटक स्पर्धेसाठी होतं, त्यात सगळ्या भूमिका बायकाच करणार होत्या, आणि ते लिहिलं होतं गावच्या शाळेतून निवृत्त झालेल्या बाईंनी. बसवणार होत्याही त्याच. बाईंच्या हाताखाली आमचं अर्धं गाव शिकलं, त्यामुळे त्यांनी 'बस' म्हटलं की पन्नाशीच्या बायका आजही पटकन बसतात. नाटक एका आईचं होतं. तिच्या गावचा डोंगर खाणीसाठी कापला जातो, डोंगरातून येणारी झर आटते, मुलं कामाधंद्याला लांब जातात आणि ती मागे राहते. शेवटी ती बंद पडलेल्या खाणीच्या काठावर उभी राहून त्या डोंगराशी बोलते. गावाला नाव नव्हतं. आईची भूमिका माझ्या थोरल्या जाऊबाईंकडे होती.

पहिलं वाचन देवळाच्या मंडपात झालं. वाचन संपलं आणि लगेच वाद सुरू झाला. नाटकांचे रंगवलेले पडदे भाड्याने मिळतात. त्यात राजवाडा असतो, जंगल असतं, रस्ता असतो, घर असतं. खाण कुठे मिळणार? कुणी म्हणालं, जंगलाचाच पडदा लावूया. कुणी म्हणालं, नुसता काळा पडदा बरा. हल्ली मागे मोठा एलईडी पडदा लावतात, त्यावर फोटो दाखवूया, असंही कुणी सुचवलं. बाईंना काहीच पटत नव्हतं. "खाणीचा फोटो सगळ्यांनी बघितलाय," त्या म्हणाल्या. "त्या आईला ती खाण कशी वाटते, ते मला दिसायला हवं."

मी खांबाला टेकून बसले होते आणि वाचन चालू असल्यापासून माझा हात टॅबलेटवर फिरतच होता. ऐकता ऐकता सवयीने काढत होते. शेवटच्या प्रवेशाचं चित्र संपत आलं होतं: वरून खालपर्यंत कापलेल्या डोंगराची गडद भिंत, पायऱ्या पायऱ्यांची, तळाशी साचलेलं हिरवं पाणी, आणि काठावर नखाएवढी बाई. जाऊबाई माझ्या शेजारी होत्या. त्यांनी वाकून बघितलं आणि त्यांचं बोलणं थांबलं.

"बाई, हें पळया, बघा," त्या म्हणाल्या आणि टॅबलेट माझ्या हातातून काढूनच घेतला.

तो एका हातातून दुसऱ्या हातात गेला. वाद कुठे थांबला ते कळलंच नाही. जाऊबाई म्हणाल्या, "आतां माका कळ्ळें, हांगा हांव कशी उबी रांवतलीं तें." कसं उभं राहायचं ते कळलं होतं, आणि त्या उठून, मंडपाच्या मधोमध, खांदे किंचित पाडून उभ्या राहिल्या. सगळ्यांना ती खाण समोर दिसली. अजून एकही वाक्य पाठ नव्हतं, पण नाटक सापडलं होतं.

बाई मला म्हणाल्या, "सगळे प्रवेश तू कर. पडद्यावर हेच लावायचं."

त्या रात्री मी इतकी खूश होते की जुनी सवय परत अंगात आली. मला वाटलं, ही तर कच्ची चित्रं, स्पर्धेला अशी कशी न्यायची? मग मी बसले. छापखान्यातून घरी आले की रोज बसायचे. डोंगराच्या प्रत्येक पायरीला दगड काढले, दगडांना भेगा काढल्या, पाण्यात ढगांची प्रतिबिंबं काढली, काठावर गवत काढलं. चित्रातल्या बाईच्या लुगड्याला काठ काढले. महिनाभराने रंगीत तालमीत ती चित्रं मोठ्या पडद्यावर लागली तेव्हा बायकांनी टाळ्या वाजवल्या. "कसलें बारीक काम!" असं दोघी-तिघींनी म्हटलं. मी मनातून फुलले.

तालीम सुरू झाली आणि मला काहीतरी खटकायला लागलं. जाऊबाई बोलत होत्या आणि पुढे बसलेल्या बायका गवताकडे बघत होत्या. एक जण दुसरीला बोट करून ढगाचं प्रतिबिंब दाखवत होती. जाऊबाईंचा आवाज उगाचच वर चढत होता, जणू त्या चित्राशी भांडत होत्या.

बाईंनी मध्येच थांबवलं. माझ्याकडे वळून त्यांनी शांतपणे विचारलं, "तुझं मंडपातलं चित्र कुठे गेलं?"

"तेच आहे बाई. पूर्ण केलंय."

"पूर्ण केलंस तेच चुकलं. त्यात आमच्यासाठी काहीतरी राहिलं होतं. आता सगळं तूच सांगून टाकलंस."

मी घरी येऊन जेवले नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी कोल्हापूरच्या मुलीला फोन केला आणि दोन्ही चित्रं पाठवली. "पहिलं चित्र ऐकताना काढलं होतं ना?" तिने विचारलं. "मग परत ऐका आणि परत काढा. पडदा मोठा आहे, तर ब्रशपण मोठा घ्या."

मी जाऊबाईंना स्वयंपाकघरात गाठलं. "वहिनी, तुमचा शेवटचा प्रवेश म्हणा ना." त्या नारळ खवत होत्या. खवता खवताच त्यांनी ते सगळं बोलणं म्हटलं, डोंगरावर रुसलेलं, समजूत घालणारं. मी ओट्याशी उभी राहून काढत होते. मग पहिल्या प्रवेशापासून सगळं म्हणून घेतलं. एकाच दुपारी सगळे प्रवेश नव्याने झाले, रुंद, धीट फटकाऱ्यांचे, आणि महिन्याभराची भेगा काढलेली चित्रं मी बाजूला सारली. पुढच्या तालमीला पडद्याकडे कुणी बोट केलं नाही. जाऊबाईंचा आवाज खाली आला आणि मंडपाच्या शेवटच्या खांबापर्यंत पोचला.

आता खरी गोष्ट सांगते, स्पर्धेच्या संध्याकाळची.

सभागृह मोठं होतं आणि भरलेलं होतं. चित्रं बदलायचं काम माझ्याकडे, त्यामुळे मी विंगेत टॅबलेट घेऊन बसले होते. तिथून एक तार मागच्या मोठ्या पडद्याला गेलेली. जाऊबाईंचा घसा सकाळपासून बसत आला होता. गरम पाणी, आलं, खडीसाखर, सगळं झालं होतं. पहिला अंक त्यांनी निभावला. दुसऱ्या अंकात आवाज चिरकू लागला. शेवटच्या प्रवेशाआधी पडदा पडला तेव्हा त्या रंगपटात येऊन बसल्या, तोंड उघडलं, आणि नुसता वारा बाहेर आला.

त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. तो शेवटचा प्रवेश म्हणजे सगळं नाटक होतं, आणि तो त्यांच्या एकटीच्या बोलण्याचा होता. कुणी म्हणालं, विंगेतून दुसरीने बोलावं. जाऊबाईंनी मान हलवली. बाई खुर्चीवर बसून होत्या. त्यांनी जाऊबाईंच्या पाठीवर हात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

"तू ते चित्र आमच्यासमोर काढलं होतंस," त्या म्हणाल्या. "आता इथं काढ. ही गप्प उभी राहील. तिचं बोलणं तू काढायचं."

"एवढ्या लोकांसमोर? बाई, चुकलं तर?"

"चुकलं तर चुकलेलं दिसेल. पण काहीतरी दिसेल. जा, बस."

मी जाऊन बसले. पेन धरलेल्या बोटांना घाम सुटला होता. पडदा वर गेला, आणि मागच्या पडद्यावर काहीच नव्हतं, नुसता राखाडी. जाऊबाई हळूहळू चालत आल्या आणि प्रेक्षकांकडे पाठ करून त्या राखाडीसमोर उभ्या राहिल्या. सभागृहात कुजबुज झाली. मागून कुणीतरी हसलं. काही बिघडलंय असंच त्यांना वाटलं असणार. मी डोळे बारीक केले आणि त्या आईचं सगळं बोलणं मनात म्हणायला सुरुवात केली.

पहिला फटकारा मी वरून खाली ओढला, पडद्याच्या पूर्ण उंचीचा. अंधारात भिंत कोसळल्यासारखा तो दिसला असेल, कारण हसणं तिथेच थांबलं. दुसरा त्याच्या शेजारी. तिसरा. डोंगर होता तिथे कडा झाला. साथीला बसलेल्या पेटीवाल्या काकी हुशार, त्यांनी हळूच एक सूर धरला आणि तो सोडला नाही. तळाला मी आडवा पट्टा ओढला, पाणी. मग पातळ तांबडा थर सगळ्यावर पसरला, आणि मला कळलं की लोक श्वास धरून बसलेत. कारण त्यांना ती माती ओळखू आली होती. सगळ्यांच्याच अंगणातली होती ती.

आणि तेवढ्यात माझा हात घसरला. घामाने पेन बोटांतून सटकलं आणि उजळ रंगाची एक वाकडीतिकडी रेघ कड्याच्या माथ्यापासून पार पाण्यापर्यंत उतरली. पुसायची सोय होती, पण पुसलं असतं तर अख्ख्या सभागृहाने बघितलं असतं. मी पेन उचलून तशीच थिजले.

जाऊबाई त्या रेघेकडे बघत होत्या. मग त्या पुढे गेल्या, पडद्याच्या अगदी जवळ. ती रेघ जिथे संपत होती तिथे वाकल्या आणि दोन्ही हातांची ओंजळ तिच्याखाली धरली.

मला आजही ते आठवलं की अंगावर काटा येतो. ती झर होती! आटलेली झर कड्यातून परत उतरत होती, आणि ते मी ठरवलं नव्हतं, बाईंनी लिहिलं नव्हतं. माझा हात आपोआप चालू लागला. मी ती रेघ रुंद केली, तिला उजेड दिला, पाण्यात ती पडते तिथे पांढरा फटकारा दिला. उजळ रंग जाऊबाईंच्या चेहऱ्यावर, ओंजळीवर पडला. त्यांनी ओंजळ तोंडाशी नेली, आणि वळून पहिल्यांदा लोकांकडे बघितलं.

पडदा पडला. मग टाळ्या आल्या, आणि त्या थांबेनात. पुन्हा पडदा वर करावा लागला. बाई, माझ्या गुरू नसलेल्या आणि तरी आता गुरू झालेल्या बाई, विंगेत येऊन माझ्या डोक्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. जाऊबाईंना बोलता येत नव्हतं म्हणून त्यांनी मला मिठी मारली ती सोडलीच नाही. परतीच्या बसमध्ये बायकांनी डिचोलीपर्यंत गाणी म्हटली, आणि जाऊबाई नुसत्या टाळ्या वाजवत ठेका धरून होत्या.

निकाल बऱ्याच दिवसांनी लागला. मी छापखान्यात एका सत्यनारायणाच्या पत्रिकेवर काम करत होते. फोनवर बाई होत्या. नाटक पहिलं आलं होतं. जाऊबाईंना अभिनयाचं बक्षीस, आणि नेपथ्याचं मला. मी खुर्चीवरून उठून ओरडले. छापखान्याचे मालक घाबरून बाहेर आले, आणि कारण कळल्यावर त्यांनी मशीन बंद करून सगळ्यांना मिठाई आणवली. पेडण्याला फोन केला तर तिकडून एकच किंकाळी ऐकू आली, कोल्हापुरी, कान फोडणारी. बक्षीस घ्यायला ती मुलगीही आली. आम्ही सगळ्या जणी स्टेजवर चढलो तेव्हा जागा पुरली नाही. घसा पूर्ण बरा झालेल्या जाऊबाईंनी माइक हातात घेतला आणि इतकं बोलल्या की शेवटी बाईंनीच खुणावून त्यांना थांबवलं.

अलीकडे एका संध्याकाळी बाईंनी मला घरी बोलावलं. नवं नाटक मनात आहे, म्हणाल्या. नदीवरच्या फेरीबोटीवरच्या बायकांचं. मी विचारलं, "लिहिलंत का थोडं?"

"नाही," बाईंनी माझ्यापुढे पाट सरकवला. "या वेळी आधी तू काढ. मग मी लिहीन."

मी बसले. त्यांनी फेरीबोट, पहाटेचं धुकं, मासळीच्या पाट्या डोक्यावर घेऊन चढणाऱ्या बायका, असं काय काय सांगायला सुरुवात केली. मी एक रुंद फटकारा ओढला, नदीचा. दुसरा ओढला, आणि समोर बाईंनी चष्मा लावला आणि वही उघडली.